बॉयलर वाफ ढकलतो की टर्बाइन ती ओढून घेतं? (आणि भोंग्यानंतरची खोटी काच)

आगवाल्याचा_नातू

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, आयटीआय झालं आणि यंदाच्या हंगामापासून जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात को-जनला (साखरेबरोबर वीजही बनवतात तो विभाग) ट्रेनी म्हणून लागलोय. अग्निप्रदीपन झालं त्या दिवसापासून बॉयलरवर आहे. बॉयलर ६७ किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला ६७ किलो प्रेशर), त्याच्या वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर वीज, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर पुढं रस आटवायचा, इतकं चित्र डोक्यात बसलंय. पण जे मूळ आहे तेच बसत नाहीये आणि शिफ्टमधे विचारायला गेलं की सगळे घाईत असतात.

पाण्याला पंप आहे, हवेला फॅन आहे, बगॅसला (जाळायच्या उसाच्या चोथ्याला) कॅरिअर आहे. वाफेला काहीच नाही. मग ती ड्रममधून (बॉयलरचं पाणी आणि वाफ असलेलं वरचं भांडं) निघून टर्बाइनपर्यंत कशाच्या जोरावर जाते? आणि किती जायची हे कोण ठरवतं, बॉयलरवाला का टर्बाइनवाला? परवा कंट्रोल रूममधे दोघांचं यावरूनच वाजलं, एक म्हणतो तू प्रेशर पाडलंस आणि दुसरा म्हणतो तू वाफ जास्त खाल्लीस, मला दोघांचंही खरं वाटलं.

दुसरं म्हणजे माझे आजोबा सोलापुरातल्या एका कापड मिलमधे आगवाले होते. लँकेशायर बॉयलर, कोळसा फावड्याने मारायचा, आणि वाफेवर मोठं इंजिन, त्याच्या भल्यामोठ्या चाकावरून दोर जाऊन वर मजल्या-मजल्यावरचे शाफ्ट फिरायचे असं ते सांगायचे. ते इंजिन मिनिटाला शंभर फेरेसुद्धा मारत नव्हतं म्हणे आणि आमचं टर्बाइन हजारांच्या घरात फिरतं. वाफ तर दोन्हीकडे वाफच ना? मग हा एवढा फरक कशाने?

आणि तिसरं, जे माझ्या फार मनाला लागून राहिलंय. आजोबा म्हणायचे, "भोंगा झाल्यावर काच वर चढली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ती खोटी काच." लहान होतो, ऐकून सोडून दिलं. आता रोज लेव्हलच्या काचेसमोर (ड्रममधे पाणी किती ते तिच्यात दिसतं) उभा राहतो तेव्हा ते वाक्य आठवतं, आणि विचारायला आजोबा नाहीत. कुणाला कळत असेल तर सांगा.

बॉयलरघर_३४_वर्षं

बाळा, तुझे आजोबा पक्के आगवाले होते बघ. ते वाक्य शंभर नंबरी आहे, त्याच्यावर येतोच पण आधी पहिलं क्लिअर करू नाहीतर ते कळणार नाही. मी फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट, आधी मिल, मग प्रोसेस हाऊस आणि शेवटची १९ वर्षं साखर कारखाना, आता रिटायर.

वाफेला पंप लागत नाही कारण पंपाचं काम आधीच होऊन गेलेलं असतं. फीड पंप पाणी ६७ किलोच्या ड्रममधे घुसवतो, त्यासाठी त्याला ६७ पेक्षा बरंच जास्त प्रेशर काढावं लागतं, तुमच्या पंपाचा गेज बघ एकदा. पाणी त्या प्रेशरला आत गेलं, आगीने त्याची वाफ केली, वाफ झाली की जागा मागते. साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरच्याही वर जागा घेते, ६७ किलोला दाबलेली असल्यामुळं इतकी फुगत नाही पण पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. बाहेर जायला वाट नसेल तर प्रेशर चढत जातं आणि सेफ्टी वॉल्व उडतो. वाट मिळाली तर जिकडं प्रेशर कमी तिकडं निघाली. टर्बाइनच्या त्या टोकाला प्रेशर कमी आहे म्हणून ती जाते, एवढंच आहे, उतारावरून पाणी जातं तसं.

आता किती जायची हे कोण ठरवतं, तर बॉयलरवाला नाही. हे नीट डोक्यात घे कारण मला स्वतःला हे कळायला दोन हंगाम लागले. टर्बाइनच्या तोंडाला गव्हर्नरचा वॉल्व असतो. लोड वाढला की टर्बाइन जरा मंदावायला बघतं, गव्हर्नर तो वॉल्व अजून उघडतो, वाफ जास्त जाते. वाफ जास्त गेली की ड्रममधून जेवढी बनतेय त्यापेक्षा जास्त उचलली गेली, प्रेशर पडायला लागलं. आता बॉयलरवाल्याने काय करायचं तर बगॅस वाढवायचा, हवा वाढवायची आणि प्रेशर परत जागेवर आणायचं. म्हणजे मशीन वाफ मागतं, बॉयलरने प्रेशर धरून ठेवायचं. बॉयलर वाफ पाठवतो हे बोलायला ठीक आहे पण काम करताना असा विचार केलास तर चुकशील. तुझ्या कंट्रोल रूममधले दोघंही खरंच बोलत होते, वाफ त्यानेच जास्त खाल्ली आणि प्रेशर यानेच धरलं नाही.

गंमत अशी की आग लगेच ऐकत नाही. वॉल्व क्षणात उघडतो पण भट्टीत बगॅस वाढवून त्याची उष्णता नळ्यांत पोचायला वेळ लागतो, त्यात बगॅसमधे निम्मं तर पाणीच असतं, ओला आला तर अजून उशीर. मधल्या वेळेची वाफ येते कुठून? ड्रममधल्या पाण्यातून. ते पाणी ६७ किलोला साधारण २८४ डिग्रीला उकळत असतं. प्रेशर जरा खाली आलं की त्या कमी प्रेशरचा उकळबिंदू पण खाली येतो, म्हणजे पाणी आता गरजेपेक्षा जास्त गरम ठरलं, आणि त्या जादा उष्णतेनेच ते सगळीकडून एकदम उकळतं. आग न वाढवता फुकट वाफ मिळाली म्हण ना. हीच बॉयलरची शिल्लक.

आता आजोबांची काच. पाणी असं एकदम सगळीकडून उकळलं की त्यात बुडबुडे बुडबुडे होतात आणि पाणी फुगतं, दूध वर येतं तसं. काचेत लेव्हल वर चढलेली दिसते. पाणी वाढलं का? उलट कमी होत असतं, कारण वाफ जास्त चाललीय. नवा माणूस काच बघतो, म्हणतो पाणी जास्त झालं, फीड कमी करतो. दोन मिनिटांनी आग पकडते, प्रेशर सावरतं, बुडबुडे बसतात आणि लेव्हल धाडकन खाली, कधी कधी काचेच्याच खाली. नळ्या किंवा भट्टीचा पत्रा उघडा पडला तर काय होतं ते लिहायची गरज नाही. लँकेशायरला दोन भट्टीच्या नळ्या पाण्यात बुडलेल्या असायच्या, त्यांच्या माथ्यावर शिशाचा फ्युजिबल प्लग असायचा तो यासाठीच, पाणी गेलं की तो वितळून वाफ आगीवर यायची.

आणि भोंगा झाला की काय व्हायचं? शिफ्ट चालू व्हायची, खाती एकामागून एक सुरू, इंजिनावर लोड एकदम यायचा. तेवढा वेळ काच फुगायची. लँकेशायरमधे पाणी टनावारी असल्यामुळं हे जरा सावकाश व्हायचं, आताच्या वॉटरट्यूबला पाणी कमी आणि वाफ जास्त म्हणून झटक्यात होतं. म्हणून तुमच्याकडं लेव्हल एकटीवर फीड सोडत नाहीत, लेव्हल, किती वाफ चाललीय आणि किती पाणी येतंय असं तिन्ही बघून वॉल्व चालतो, थ्री एलिमेंट म्हणतात. आजोबांकडं तो तिसरा एलिमेंट म्हणजे भोंगा होता. भोंगा ऐकला की त्यांना कळायचं की आता वाफ जास्त जाणार.

टर्बाइन_ताई

काकांनी इतकं छान लिहिलंय की मी प्रिंट काढून आमच्या ट्रेनींना देणार आहे. मी मूळची सोलापूरची, जुळे सोलापूर, दहा वर्षं टर्बाइन कमिशनिंगमधे. नातू तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहिते.

वाफ दोन्हीकडे वाफच, पण इंजिन तिच्याकडून दाब घेतं आणि टर्बाइन वेग घेतं. इंजिनमधे वाफ सिलिंडरमधे शिरते, पिस्टनला दाबते, स्ट्रोकचा काही भाग झाला की आत येणं बंद करतात आणि मग कोंडलेली वाफ फुगत फुगत उरलेला स्ट्रोक ढकलते, मग बाहेर. पुन्हा दुसऱ्या बाजूने तेच. एवढं वजनदार लोखंड पुढं जाऊन थांबवायचं आणि मागं आणायचं म्हटल्यावर ते सावकाशच फिरणार. टर्बाइनमधे थांबणं नाहीच. वाफ बारीक नोझलमधून फुगू दिली की तिचा दाब उतरतो आणि वेग चढतो, सेकंदाला शेकडो मीटर, ती पात्यांवर वळते आणि वळताना पात्यांना ढकलून जाते. पात्यांचा वेग वाफेच्या वेगाशी जुळता नसेल तर तिच्यातलं निम्मं काम वाया, म्हणून टर्बाइन वेगानं फिरवावंच लागतं. पार्सन्सने १८८४ मधे दाब एकदम न उतरवता पायरी-पायरीने, पात्यांच्या अनेक रांगांमधे उतरवला, म्हणून तो वेग माणसाच्या आवाक्यात आला. कारखान्याची मशीनं लहान म्हणून हजारांत फिरतात आणि मधे गिअरबॉक्स असतो, आपल्या आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन्ही सेट मात्र सरळ ३००० वर, कारण ५० सायकलची वीज आणि दोन पोलचा जनरेटर.

आता बॉयलरच्या बाजूने यातून काय फरक पडतो ते महत्त्वाचं, कारण प्रश्न तिथंच आहे. जुन्या इंजिनला थोडी ओली वाफ चालून जायची. फार पाणी आलं तर सिलिंडरचं झाकण फुटायचं हे खरं, पाणी दाबलं जात नाही ना, पण थोड्या दमटपणाचं त्याला काही वाटत नव्हतं. टर्बाइनला थेंब चालत नाही. पातं त्या वेगात असताना पाण्याचा थेंब त्याच्यावर आपटला की खडा आपटल्यासारखं होतं, शेवटच्या रांगेच्या पात्यांच्या कडा झिजून करवतीसारख्या झालेल्या मी स्वतः बघितल्यात. म्हणून ड्रममधे वाफ आणि पाणी वेगळं करायची सगळी व्यवस्था आणि मग सुपरहीटर. ड्रममधून २८४ ला निघालेली वाफ परत भट्टीच्या गॅसमधून फिरवून ४८५ किंवा त्याच्याही वर नेतात. प्रेशर वाढत नाही, उलट नळ्यांतून जाताना थोडं पडतंच, पण आता ती इतकी कोरडी आहे की टर्बाइनमधे बरंच काम करून झाल्यावरच तिच्यात थेंब धरायला लागतो.

एनटीपीसीला तर ड्रमच नाहीये. २२१ बारच्या (बार म्हणजे जवळपास किलोच) वर गेलं की पाणी आणि वाफ असा भेदच राहत नाही, उकळणं हा प्रकारच संपतो, एका टोकाने उजनीचं शुद्ध केलेलं पाणी आत आणि दुसऱ्या टोकाने वाफ बाहेर, सुपरक्रिटिकल म्हणतात ते हे. तिथं काच पण नाही आणि काका म्हणतात ती ड्रमची शिल्लक पण नाही, म्हणून आग, पाणी आणि टर्बाइनचा वॉल्व तिघांना एकत्रच हलवावं लागतं. आजोबांचं वाक्य तिथं लागू नाही पण त्यामागचं दुखणं तिथं जास्त आहे.

अजून एक सांगते, पाइपचं. ट्रेनीला सगळे बॉयलर दाखवतात, टर्बाइन दाखवतात, मधली लाइन कुणी दाखवत नाही. बंद पडलेल्या लाइनमधे वाफ गार होऊन पाणी साठतं. त्यावर एकदम मेन वॉल्व उघडला तर वाफ त्या पाण्याचा गोळा करून पुढं नेते, वाफ लाइनमधे सेकंदाला चाळीसएक मीटर जात असते, पाण्याचा गोळा त्या वेगाच्या आसपास जाऊन बेंडवर आपटतो. मी नवीन असताना एका ठिकाणी, नाव नको, ड्रेन पूर्ण उघडायच्या आधी घाई केली गेली. जो आवाज झाला तो मी अजून विसरले नाहीये, सपोर्टवरून लाइन हातभर सरकली होती. नशिबाने खाली कुणी नव्हतं. तेव्हापासून ड्रेनमधून पाणी यायचं थांबून निळसर कोरडी वाफ दिसेपर्यंत मी कुणाचं ऐकत नाही, कितीही फोन येऊ देत. तुला कुणी सांगितलं की वेळ नाही तर तूही ऐकू नकोस, आणि बायपास उघडून लाइन आधी गरम करायची, लाइनला ट्रॅपकडं (साठलेलं पाणी बाहेर काढतो तो) उतार आहे का ते चालत जाऊन बघ.

बार्शीलाईट

मी कुर्डुवाडीचा, वडील नॅरोगेजच्या वर्कशॉपला होते, त्यामुळं दोन शब्द इंजिनाच्या वतीने. (रेल्वेचं इंजिन म्हणतोय.) १८९७ ला बार्शी लाइट चालू झाली, अडीच फुटी रूळ, आणि त्या छोट्या इंजिनात बॉयलर, भट्टी, सिलिंडर सगळं एकाच गाडीवर. वाफ कशी जाते हे समजून घ्यायला त्याच्याइतकं सोपं काही नाही कारण सगळं डोळ्यासमोर दिसतं.

बॉयलरच्या पाठीवर जो घुमट असतो त्यात वाफ उचलायचं तोंड असतं, सगळ्यात उंच जागी, म्हणजे गाडी हिंदकळली तरी पाणी वाफेबरोबर जाऊ नये. तिथं रेग्युलेटर, तो ड्रायव्हरच्या हातात. दुसऱ्या हाताशी रिव्हर्सर, त्याने ठरतं की स्ट्रोकच्या किती भागापर्यंत वाफ आत येऊ द्यायची. गाडी सुटताना लांब, वेग धरला की कमी कमी करत आणायचं म्हणजे वाफ कमी खाते. म्हणजे काका म्हणतात ते गव्हर्नरचं काम इथं माणूस करतो. आणि सुटताना बाजूने पांढरी फुस्स वाफ निघायची ना, ते उगीच नाही, सिलिंडरचे कॉक उघडे ठेवून साठलेलं पाणी काढत असतात, ताईंनी लिहिलंय तेच भय.

पण मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ नळीने चिमणीच्या खाली आणून वर सोडतात. ती जोरात वर जाताना धुराला ओढून नेते, धूर गेला की भट्टीत हवा ओढली जाते, आग भडकते. चढ आला, इंजिनानं वाफ जास्त घेतली, चिमणीतून झटके जोरात, आग आपोआप जास्त. मशीन जेवढं मागेल तेवढी आग स्वतःच फुलते, कुठला पंखा नाही काही नाही. छुक छुक आवाज तो हाच. दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार झटके, वडील डोळे मिटून मोजायचे आणि सांगायचे वॉल्वची सेटिंग हुकलीय का ते.

एक दुरुस्ती सुचवतो, शीर्षकात 'ओढून घेतं' लिहिलंय. इंजिन ओढत नाही काही. वाफच आतून ढकलते.

टर्बाइन_ताई

@बार्शीलाईट दादा, काय सुंदर लिहिलंत, चार झटक्यांचं मला माहीतच नव्हतं. दुरुस्ती तुमची बरोबर आहे, तुमच्या इंजिनाला तर नक्कीच, कारण ते वाफ सरळ हवेत सोडतं. पण जिथं शेवटी कंडेन्सर आहे तिथं वाफेचं परत पाणी करतात आणि त्या पाण्याला जागा इतकी कमी लागते की मागं जवळजवळ पोकळी होते. हवेच्या दाबाच्या दहाव्या भागाइतका दाब, वाफ साधारण ४५ डिग्रीला असताना. बघायला ओढल्यासारखंच दिसतं, तरी खरं म्हणजे ढकलणाऱ्याच्या समोरचा विरोध काढून घेतलेला असतो. जेम्स वॉटचं १७६९ चं पेटंट याचंच होतं, वाफ सिलिंडरमधेच गार न करता वेगळ्या भांड्यात गार करायची. त्याच्या आधीच्या इंजिनमधे दर स्ट्रोकला सिलिंडर गार व्हायचा आणि परत तो तापवण्यातच वाफ जायची.

आणि नातू, तुमच्या कारखान्यात सगळी वाफ कंडेन्सरला का नेत नाहीत हा प्रश्न तुला पडायला हवा. सांगते. तुमच्या ६७ किलोच्या एक किलो वाफेतून बॅकप्रेशर टर्बाइन (कंडेन्सर नसलेलं, थोडं प्रेशर असलेली वाफ बाहेर सोडणारं) साधारण सहाशे किलोज्यूल काढतं, म्हणून एका युनिटला सहा किलोच्या आसपास वाफ लागते. पण ती बाहेर पडते तेव्हा तिच्यात अजून एकवीसशेच्या वर सुप्त उष्णता शिल्लक असते. कंडेन्सरला पाठवली तर टर्बाइन तिच्यातून अजून थोडं काम काढेल, पण ही सुप्त उष्णता जवळपास सगळी कूलिंग टॉवरमधून हवेत जाते. बॅकप्रेशरला ती सव्वाशे-एक डिग्रीची वाफ इव्हॅपोरेटरला जाते आणि तिथं उसाचा रस आटवते. विजेसाठी वरवरची मलई काढली आणि दूध साखरेला दिलं. कारखान्यात ऊस आहे, बगॅस स्वतःचा आहे आणि उष्णता घेणारा रस पण आहे, म्हणून हे जमतं. सोलापूर जिल्ह्यात एवढे कारखाने आहेत, गावोगावी हे चाललंय आणि लोकांना फक्त साखर आणि एफआरपी (उसाचा ठरलेला किमान भाव) माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

टॉवेल_प्रोसेस_एमआयडीसी

मालक लोकहो मधेच घुसतो, माझं छोटं प्रोसेस हाऊस आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल डाइंग. बॉयलर १० किलोवर चालवतो, आत मशीनला साडेतीन लागतो, मधे पीआरव्ही लावून प्रेशर पाडतो. हे सगळं वाचून वाटायला लागलं की तो पीआरव्ही म्हणजे मी टर्बाइनचं काम फुकट घालवतोय का? तासाला दोन टन वाफ जाते. तिथं एखादं छोटं टर्बाइन बसेल का? लाइट बिलाने कंबर मोडलीय.

बॉयलरघर_३४_वर्षं

@टॉवेल_प्रोसेस_एमआयडीसी तुमचं वाटणं बरोबर आहे, पीआरव्हीत प्रेशर पडतं पण काम काही मिळत नाही. हिशोब ताईच नीट करतील. मी फक्त एवढंच विचारतो की दोन टन सतत जातात का? डाइंगचं माझं काम झालंय, भांडं तापवताना एकदम ओढ आणि मग अर्धा तास काहीच नाही. वर जे मी खोट्या काचेचं लिहिलंय ना ते छोट्या बॉयलरला सगळ्यात जास्त तुमच्यासारख्यांकडंच होतं, तीन जिगर (कापड रंगवायची मशीनं) एकदम तापायला लावले की प्रेशर १० वरून ६ वर, पाणी फुगतं आणि लाइनमधून वाफेबरोबर पाणीच जातं. आधी जिगर एकामागून एक लावा, एकदम नको.

आणि पाणी. सोलापूरचं बोअरचं पाणी जड. सॉफ्टनरला मीठ वेळेवर घाला आणि ब्लोडाऊन मारायला (बॉयलरमधलं क्षाराचं पाणी थोडं बाहेर सोडायला) कंजुषी करू नका, गरम पाणी फुकट जातं वाटतं पण क्षार साठले की फेस येतो आणि फेस वाफेबरोबर निघतो.

टर्बाइन_ताई

१० वरून साडेतीनवर, कोरडी संपृक्त वाफ, तासाला दोन टन. आदर्श धरलं तर ९० किलोवॅटच्या आसपास निघतात, पण एवढ्या लहान टर्बाइनची कार्यक्षमता निम्मीच धरा, म्हणजे ४०-४५ किलोवॅट आणि तेही वाफ सतत चालू असेल तरच. शिवाय बाहेर पडणारी वाफ थोडी ओली होईल, तुमच्या सुपरहीटर नसलेल्या बॉयलरला ते टळत नाही, पुढं सेपरेटर लागेल. काका म्हणतात तसा तुमचा लोड वर-खाली असेल तर वर्षाचे खरे तास मोजल्याशिवाय पैसे घालू नका. आधी महिनाभर वाफेचं मीटर लावून दर तासाची नोंद ठेवा. तीन-चार प्रोसेसवाले शेजारी असतील आणि एकाच मोठ्या बॉयलरवर आले तर मात्र हे गणित एकदम बदलतं, लोड सपाट होतो.

टॉवेल_प्रोसेस_एमआयडीसी

धन्यवाद ताई आणि काका. मीटर लावतो. जिगर एकामागून एक लावायचं तर आजपासूनच चालू केलं, ऑपरेटर म्हणतो दुसऱ्या भांड्याला आधीपेक्षा कमी वेळ लागला.

आगवाल्याचा_नातू

सगळ्यांचे खूप खूप आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण मला शिफ्टमधे स्वतः बघायचं होतं.

काल सेकंड शिफ्टला गव्हाणीत काहीतरी अडकून मिल अर्धा तास थांबली होती. मिल परत चालू झाली तेव्हा मी मुद्दाम ड्रमच्या काचेपाशी जाऊन उभा राहिलो. खालून वॉकीटॉकीवर आवाज आला, लोड घेतोय, आणि थोड्याच वेळात लेव्हल खरंच वर सरकली, बघता बघता, आणि पाणी काचेत शांत नव्हतं, थरथरत होतं. मी लगेच कंट्रोल रूमला विचारलं फीडचा वॉल्व काय करतोय, तर तो बंद होण्याऐवजी उघडत होता, कारण वाफेचा फ्लो वाढला होता. काका, तुम्ही लिहिलं नसतं तर मला तो वॉल्व बिघडलाय असंच वाटलं असतं. मग सावकाश लेव्हल खाली आली आणि नॉर्मलच्या थोडी खाली जाऊन परत जागेवर. सगळं मिळून पाच-सहा मिनिटं. अंगावर काटा आला, कारण आजोबा हेच बघत असतील, फक्त त्यांच्याकडं वॉल्व हातात होता आणि उघडायचा का बंद करायचा ते त्यांचं त्यांना ठरवायचं होतं.

ताई, लाइनचा उतार चालत बघितला. एका ठिकाणी दोन सपोर्टच्या मधे पाइप खाली झुकलाय आणि तिथं ड्रेन नाहीये. शिफ्ट इंजिनिअरना दाखवला, त्यांनी रजिस्टरमधे लिहून घेतलाय. पुढच्या शटडाऊनपर्यंत त्याचं काय करायचं?

टर्बाइन_ताई

शाब्बास. लाइन चालू आहे आणि वाफ सुपरहीटेड आहे तोवर तिथं पाणी साठणार नाही, इन्सुलेशन शाबूत असेल तर. धोका बंद करून परत चालू करताना. त्यामुळं शटडाऊनमधे तिथं खालून पॉकेट (पाणी गोळा व्हायला छोटी नळी) आणि ड्रेन बसवून घ्या असं लेखी द्या, आणि त्याच्या आधी कधी टर्बाइन ट्रिप होऊन लाइन गार झाली तर परत घेताना नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ गरम करायची, त्या झुकलेल्या जागेच्या पुढच्या ड्रेनपाशी स्वतः उभं राहून. तिथल्या पाइपचं बाहेरचं तापमान मोजून लिहून ठेव दर पंधरा मिनिटांनी, खालची बाजू वरच्या बाजूइतकी गरम झाली की समज आत पाणी नाही.

बॉयलरघर_३४_वर्षं

आणि तो झुकलेला पाइप दोन्ही शिफ्टच्या माणसांना नेऊन दाखव, रजिस्टर सगळे वाचत नाहीत. खडूने खूण करून ये.

आगवाल्याचा_नातू

आज फर्स्टला आहे काका. खडू खिशात घेतलाय.